पुसलेलं ताट

आई,

कॅन्टीनमधला तुझा फोटो मी चार-पाच दिवसांपूर्वी खाली उतरवला. शिपाई शिडी घेऊन धावत आला, पण मी त्याला चढू दिलं नाही, स्वतः चढलो. सागवानी चौकट आहे, जड आहे, आणि मीच मापं देऊन करून घेतलेली, त्यामुळे ती कुठं धरायची हे मलाच ठाऊक. फोटो निघाल्यावर मागं भिंतीचा एक चौकोन राहिला. बाकीची भिंत फोडणीच्या वाफेनं पिवळट झाली आहे आणि तो चौकोन तेवढा पहिल्या दिवसासारखा पांढरा. सध्या माझी माणसं रोज त्या चौकोनासमोर बसून जेवतात.

तुला हे कॅन्टीन माहीत नाही. तू पाहिलास तो कुदळवाडीतला पत्र्याचा गाळा, एक लेथ आणि एक ड्रिलिंग मशीन. तू गेल्यावर चाकणला जागा घेतली, मग शेजारचीही घेतली. गाडीच्या सीटखाली पत्र्याचे ब्रॅकेट असतात, ते आम्ही बनवतो. रावेतला बाराव्या मजल्यावर घर आहे, गॅलरीतून हायवे दिसतो. हे तुला सांगताना अजूनही छाती थोडी पुढं काढावीशी वाटते, ती खोड गेलेली नाही. पण आज सांगायचं आहे ते वेगळं. फोटो का उतरवला हे सांगायचं तर तो लावला कसा ते आधी सांगावं लागेल, आणि त्याच्याही आधी आपलं काळेवाडीचं घर. मी कारखान्यात कुणाला अर्धवट ड्रॉइंग देत नाही. तुलाही देणार नाही.

काळेवाडीच्या त्या दोन खोल्या. आबा गेल्यावर बार्शीहून तुला न्यायला माणसं आली होती, तू गेली नाहीस. आबांच्या शिफ्टमधले चौघे आधी जेवायला यायला लागले, मग त्यांचे सोबती, आणि वर्षभरात आपली खानावळ झाली. पुढच्या खोलीत पंगत बसायची, मागच्या खोलीत चूल आणि स्टोव्ह. आपण दोघं झोपायचो पुढच्या खोलीत, पंगतीच्या बसायच्या पट्ट्या उचलून फरशी पुसल्यावर, आणि उशीलासुद्धा लसणाचा वास यायचा. शाळेत पोरं मला 'फोडणी' म्हणून चिडवायची. मला त्याचा राग नव्हता. त्या पोरांच्या डब्यात काय असायचं ते मी बघत होतो.

दुसऱ्या शिफ्टला जाणारे खानावळीचे मेंबर एवढ्यात येतील. तू मोठ्या पातेल्यातली आमटी ढवळतेस, झाकण ठेवतेस, पदराला हात पुसतेस आणि पितळी घेऊन बसतेस. दोन भाकरी, आमटी, शेंगदाण्याची चटणी, चटणीवर कच्चं तेल. सावकाश जेवतेस. दारात चपला काढल्याचे आवाज यायला लागले तरी उठत नाहीस. शेजारची बाई चहापत्ती मागायला आलेली असते, ती तोंडाला पदर लावून म्हणते, "अगंबाई, बाप्यांच्या आधी तूच बसलीस व्हय?" आणि तू घास संपवून, पाणी पिऊन, मग सांगतेस, "आगं, उपाशी माणसानं वाढू नये. हात आखडतो. आपल्या पोटात न्हाई आन् दुसऱ्याच्या ताटात पडतंय, हे बघवत न्हाई माणसाला. म्हणून आधी मी, मग माझं लेकरू, मग समदे." ती बाई हसते. तूही हसतेस. मग उठून पळी हातात घेतेस, आणि ती पळी पातेल्यात बुडाली की काठोकाठ भरूनच वर येते. कुणी "बास मावशी" म्हटलं तरी एक पळी पडतेच. ती "बास" नंतरची पळी सगळ्या काळेवाडीत प्रसिद्ध होती.

हे मी इतकं बारीक लिहितो आहे, कारण हेच मी फिरवलं.

मी उपाशी झोपलो अशी एक तरी रात्र सापडते का, ते मी गेल्या आठवड्यात फार शोधलं. खरं सांगतो, सापडावी म्हणून शोधलं. एकच सापडली. तू दुधी केला होतास आणि मी ताट सरकवून रुसून पडलो. तू म्हणालीस, "नगं तर नगं, चूल काय पळून जात न्हाई." सकाळी उठलो तर उशाशी गूळ-भाकरी झाकून ठेवलेली. एवढीच माझी उपासमार.

आणि तू. तू भरलेल्या अंगाची होतीस, गोल चेहऱ्याची, हसताना डोळे मिटणारी. खानावळीच्या चौथ्या वर्षी तू स्वतःच्या कमाईची सोन्याची पोत केलीस. सराफाकडं जायला सोबत म्हणून मिस्त्रींना नेलंस. मिस्त्री म्हणजे आपले गॅरेजवाले, तू त्यांना नावानं कधी हाक मारली नाहीस, मिस्त्रीच म्हणायचीस. काळेवाडी फाट्याजवळच्या गॅरेजात कामाला होते, लग्न होईपर्यंत दोन्ही वेळ आपल्याकडं जेवायला. पोत घालून घरी आलीस त्या दिवशी सगळ्या पंगतीला श्रीखंड-पुरी होती. मिस्त्री म्हणाले, "मावशी, सोनं तुम्ही घेतलं, वजन आमचं वाढलं." 

तीच पोत मी तुला मोडायला सांगितली होती, आठवतं? माझ्या चोविसाव्या वर्षी. जुनी लेथ विकायला निघाली होती आणि मला ती पाहिजेच होती. तू भाकरी थापत होतीस. थापता थापताच म्हणालीस, "सोनं माझं हाय. तुला जेवायला घालीन, तुझ्या मशीनला घालनार न्हाई." मी चार दिवस बोललो नाही. लेथ मग हप्त्यानं घेतली. आणि तू काय केलंस, तर गाळ्यावर माझा आणि माझ्या दोन कामगारांचा डबा पाठवत राहिलीस, तीन वर्षं, गरम, आणि त्याचं कधी नावही काढलं नाहीस. मी बाहेर जेवलो तर "आज खाडा सांगितला न्हाईस" म्हणून ओरडायचीस, मेंबरला ओरडावं तशी. त्या डब्यावर माझा धंदा उभा राहिला हे मला तेव्हाही कळत होतं. पण मनात राहिली ती पोत. तू नाही म्हणालीस ते राहिलं.

आता भाषणाचं सांगतो. धंदा चांगला चालायला लागल्यावर सत्कार सुरू होतात. आपल्याकडं त्याला काही कमी नाही. शाल, श्रीफळ, फेटा, आणि चौकात फ्लेक्सवर हात जोडलेला फोटो. चिंचवडला एका हॉलमध्ये माझा पहिला सत्कार झाला, आम्ही तिघे उद्योजक होतो. माझ्या आधी जो बोलला तो म्हणाला की मी फलाटावर झोपून दिवस काढले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझी पाळी आली. मी काय सांगणार? नववी नापास, मशीनचं काम बघून बघून शिकलो, इंग्रजी मॅन्युअल डिक्शनरी घेऊन वाचली, ड्रॉइंग स्वतः शिकलो. हे सगळं सांगितलं. लोक ऐकत होते, पण हॉलमध्ये खुर्च्या वाजत होत्या. मला ते लागलं. फलाटवाल्यापुढं मी कमी पडत होतो. आणि तोंडातून वाक्य गेलं, "माझी आई चाळीस माणसांना जेवू घालायची आणि स्वतः पाणी पिऊन झोपायची."

खुर्च्या थांबल्या. पहिल्या रांगेतल्या एका बाईनं डोळ्यांना रुमाल लावला.

तुझी सून तिसऱ्या रांगेत होती. ती तुझ्यासोबत सहा वर्षं राहिलेली. घरी आलो. फेटा काढून ठेवत होतो तेव्हा म्हणाली, "अहो, सासूबाई पाणी पिऊन झोपायच्या?"

"सभेत तसंच बोलतात."

"त्या ताक प्यायच्या झोपताना. आणि मी दिलं नाही तर हाक मारून मागायच्या."

"तुला काय कळतंय त्यातलं."

"मला ताकातलं कळतं," ती म्हणाली आणि आत गेली. त्यानंतर ती माझ्या सत्काराला आली नाही. दर वेळी तिला काही ना काही काम निघतं. मी समजलो की तिला गर्दी आवडत नाही. म्हणजे, तसं समजणं मला सोयीचं होतं.

मग ते वाक्य वाढत गेलं. पुढच्या सभेत तू उरलंसुरलं खात होतीस. त्याच्या पुढच्या सभेत उरतच नव्हतं. मी दोन शतांश मिलिमीटरनं चुकलेला जॉब परत पाठवणारा माणूस. एकदा एका सुपरवायझरला त्यावरून सगळ्यांसमोर झापलं आहे. आणि तुझ्या बाबतीत किती चुकवायचं याला मी मापच ठेवलं नाही. गंमत बघ. खिशात काही नव्हतं तेव्हा मी लोकांना सांगायचो, आमच्या घरी खायला कधी कमी नाही, या जेवायला. पैसा आला आणि मी मागं जाऊन जाऊन गरीब होत गेलो. माझी उडी मोठी दिसायची तर खड्डा खोल पाहिजे, आणि तो खड्डा मी तुझ्या चुलीपाशी खणला. 'शून्यातून उभा राहिलो' हे वाक्य मला फार आवडायला लागलं होतं. शून्यातून म्हणायचं तर मागं कुणी असून चालत नाही. कुणी पोटभर जेवू घातलं असून चालत नाही. ज्या मेंबरनं मला पहिल्यांदा ड्रॉइंग वाचायला शिकवलं, आणि त्याबद्दल तू ज्याला रोज दह्याची वाटी जास्त द्यायचीस, तोही असून चालत नाही. पुढचं सगळं मी एकट्यानं शिकलो हे खरं आहे, त्यात मी कुणाचं ऐकणार नाही. पण पहिलं ड्रॉइंग मी तुझ्या दह्यावर शिकलो. हे मी आजवर कुठंच बोललेलो नाही.

चाकणला कॅन्टीन बांधलं तेव्हा तुझा फोटो लावायचं ठरवलं. घरात तुझा बरा असा एकच फोटो, मिस्त्रींच्या लग्नातला. तू पंगतीत बसली आहेस, हिरवं इरकल लुगडं नेसून, गळ्यात पोत, समोर भरलेलं ताट, आणि डावा गाल जिलबीनं फुगलेला. कुणीतरी हाक मारली असेल, म्हणून तू वर बघितलंस आणि हसलीस. चिंचवड स्टेशनजवळच्या स्टुडिओत तो घेऊन गेलो. पोरगेला मालक कॉम्प्युटरवर बसला, मी त्याच्या मागं उभा.

"काकू एकदम मस्त दिसतायत, साहेब. आहे असाच मोठा करू?"

"एवढा गाल आत घ्या."

"जिलबी आहे ती, साहेब."

"तेच. आत घ्या. आणि दुसरा पण, सारखा दिसला पाहिजे."

त्यानं घेतला. मी म्हणालो, अजून. त्यानं अजून घेतला. मग ताट काढायला सांगितलं. ताट गेलं. शेजारच्या बाया गेल्या. मग मी म्हणालो, "पोत काढा."

तो वळून माझ्याकडं बघायला लागला. "सोनं काढायचं? लोक घालायला सांगतात, साहेब. काल एकानं आजोबांना चेन घातली."

"तुम्ही काढा."

पोत गेली. गळ्यावर तिची सावली राहिली होती, ती मीच बोटानं दाखवली आणि पुसून घेतली. बारकावे मला दिसतात ना. शेवटी तो पोरगा खुर्ची मागं सरकवून म्हणाला, "आता काकू उपासाच्या दिसायला लागल्या, साहेब," आणि मी म्हणालो, "हां. आता बरोबर."

फोटोखाली पितळी अक्षरात लिहून घेतलं, 'स्वतः उपाशी राहून जिनं इतरांना जेवू घातलं.' उद्घाटनाला पाहुणे आले, त्यांनी फोटोला हात जोडले. मीही जोडले. आणि सांगू का, त्या क्षणी मला खरंच भरून आलं. त्या रोड बाईसाठी मी रडलो. ती माझी कुणीच नव्हती.

इथपर्यंतची चूक माझ्या तोंडाची होती. पुढं ती कॅन्टीनवर आली. ठेकेदार म्हणाला, साहेब, पोरं फार खातात, चपात्यांवर मर्यादा घालू. मी हो म्हणालो. काउंटरवर पाटी लागली, चपात्या चार, भात एकदा. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आम्ही उपाशी राहून वर आलो, ह्यांना चार मिळतात की. असा विचार माझ्या मनात आला तेव्हा तो मला खोटा वाटला नाही, आई. इतक्या वेळा बोललो होतो की मला ती भूक आठवायला लागली होती.

एक दिवस गाड्यांच्या कंपनीचे पाहुणे प्लँट बघायला आले होते, त्यांना कॅन्टीन दाखवत होतो. काउंटरवर परभणीकडचा एक कामगार उभा होता, पत्र्याच्या प्रेस मशीनवर असतो, कंत्राटी, तिशीचा असेल. पाचवी चपाती मागत होता आणि वाढणारा पाटी दाखवत होता. पाहुण्यांसमोर मला ते बरं दिसलं नाही. मी पुढं झालो आणि तुझ्या फोटोकडं हात करून त्याला म्हणालो, "ही माझी आई. लोकांना वाढून स्वतः पाणी पिऊन झोपायची. कधी कुणाकडं मागितलं नाही तिनं."

त्यानं फोटोकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. आवाज चढवला नाही. म्हणाला, "मंग तुमाला तर भूक कळाया पाहिजे, साहेब." आणि ताट घेऊन जागेवर जाऊन बसला.

पाहुणे इंग्रजीत काहीतरी बोलत पुढं गेले. मी सुपरवायझरला सांगून ठेवलं की ह्याच्यावर लक्ष ठेव, तोंडाळ दिसतोय. हेही लिहून ठेवतो, कारण हे झालेलं आहे.

आणि गेल्या आठवड्यात मिस्त्री आले. रहाटणीत त्यांचं स्वतःचं गॅरेज आहे, आता मुलं बघतात. नातीच्या लग्नाचं निमंत्रण द्यायला स्वतः चाकणला आले, मुलाच्या गाडीत मागं बसून, ह्या वयात. मी मीटिंगमध्ये होतो. गेटवरच्या माणसाला वाटलं कुणा कामगाराचे वडील असतील, त्यानं जेवणाची सुट्टी बघून कॅन्टीनमध्ये पाठवलं. मी पोचलो तोवर ते रांगेत उभं राहून, ताट घेऊन, बरोबर तुझ्या फोटोसमोर जेवत बसलेले.

"अरे छोटे!" सगळ्या कॅन्टीनसमोर मला छोटे म्हणाले. चाकणला मला तसं कुणी म्हणत नाही. "ये, बस. आमटीत तिखट नाही तुझ्या. आणि तुझा माणूस मला म्हणतो, चाचा, चार झाल्या. मावशीच्या पोराच्या घरात चपात्या मोजतात?"

मी हसलो. काय करणार. मग त्यांनी घास थांबवला आणि फोटोकडं बोट केलं.

"ही कोण बाई? तुझ्या सासरची का?"

आई, त्यांनी इतकी वर्षं तुझ्या हातचं खाल्लं. तुझ्या मयतीला खांदा दिला. मी म्हणालो, "मिस्त्री, आई आहे."

त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. उठून फोटोजवळ गेले. बराच वेळ बघत राहिले. "लुगडं मावशीचं आहे," म्हणाले. "माझ्या अम्मीनं दिलेलं, माझ्या शादीत. लुगडं ओळखलं मी. पण मावशीला काय झालं? एवढी आजारी कधी होती? मी कुठं होतो?" मग हात नकळत स्वतःच्या गळ्याकडं गेला. "पोत कुठं आहे तिची?"

मग त्यांनी खालची अक्षरं वाचली, एकेक शब्द, मोठ्यानं. वाचून झाल्यावर हसायला लागले. मनापासून, पूर्वी हसायचे तसे. "उपाशी? मावशी? कुणी लिहिलं रे हे? मावशीनं वाचलं असतं ना, उलथनं घेऊन आली असती. उपाशी माणसाच्या हातचं घेऊ नका, ही तिची गोष्ट. आधी जेवल्याशिवाय तिनं कधी पळी धरली नाही." आणि माझ्याकडं वळून, अगदी काळजीनं विचारलं, "तू नव्हतास का हे लावताना?"

त्यांच्या मनात सुद्धा आलं नाही की हे मी केलं असेल. तिथं बोलायला हवं होतं. शेजारच्या टेबलावर तो परभणीवाला बसलेला होता, ऐकत होता. मी म्हणालो, "ऑफिसच्या पोरांनी केलं परस्पर. त्यांना काय माहीत."

"तरीच," मिस्त्री म्हणाले. त्यांनी लगेच विश्वास ठेवला. "पोरांना सांगत जा मावशीचं. आणि तो खरा फोटो असेल तर लग्नाला घेऊन ये. ताटवाला. आमच्या घरात सगळ्यांना दाखवायचा आहे, कोणाच्या जिवावर उभे राहिलो ते." निमंत्रण दोन्ही हातांनी दिलं आणि मुलाच्या खांद्यावर हात ठेवून गेले. शेजारच्या टेबलावरून तो कामगार उठला, ताट विसळायच्या जागी ठेवलं आणि माझ्याकडं न बघता प्रेसकडं गेला. त्याला कळलं होतं. मिस्त्रींना कळलं नाही, त्याला कळलं.

मग मी फोटो उतरवला. चपात्यांची पाटीही काढायला लावली. ठेकेदार कुरकुरला, त्याचं तो बघेल. जुना फोटो तुझ्या सुनेच्या कपाटात होता, तो तिनं न विचारता काढून दिला. त्याच स्टुडिओत गेलो. तो पोरगा म्हणाला, "आता काय काढायचं, साहेब?" मी म्हणालो, काही नाही, आहे असा मोठा कर. जिलबी, पोत, ताट, बाजूच्या बायांसकट. त्याला बरं वाटलेलं दिसलं.

काल मी आणखी एक केलं. कॅन्टीनमध्ये आधी जेवलो. तुझ्यासारखा, सावकाश, पोटभर, रांग लागलेली असताना. मग काउंटरच्या आत जाऊन पळी हातात घेतली. लोक बघायला लागले, एकदोघांनी मोबाईल काढले, ते मी खिशात ठेवायला लावले. वाढायला लागलो. पाच-सहा ताटं झाली असतील तेव्हा माझ्या लक्षात आलं, पळी पातेल्यात पूर्ण बुडते आणि वर येताना हात जरा कलतो. थोडी आमटी परत पातेल्यात जाते. मुद्दाम नाही. मी बघत होतो आणि तरी तसंच होत होतं. तो परभणीवाला समोर आला. त्याच्याही ताटात अर्धीच पडली. तो ताट तसंच धरून उभा राहिला. मी दुसऱ्यांदा घातली. मग तो म्हणाला, "बास, साहेब," आणि त्या 'बास'नंतरची जी पळी असते, ती मला घालता आली नाही. तो पुढं निघून गेला.

पोट भरलेलं होतं, आई. तरी हात आखडला. तू असतीस तर विचारलं असतं, असं झालं तर काय करायचं. तुझ्याकडं त्याचं काही उत्तर असेल असं मला वाटत नाही, तुला तसं कधी झालंच नाही.

हे पत्र टाकायला कुठली पेटी नाही, ते मला कळतं. घडी घालून नव्या फोटोच्या मागच्या पुठ्ठ्यात सरकवून ठेवणार आहे. फोटो तयार होऊन आला आहे, माझ्या केबिनमध्ये कपाटामागं, खाकी कागदात आहे. रविवारी मिस्त्रींकडं लग्न आहे, तिथं छोटी प्रत न्यायची आहे, आणि ती देताना काय बोलायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. भिंतीवरचा चौकोन रिकामाच आहे. रोज कुणी ना कुणी विचारतं, साहेब, आईसाहेबांचा फोटो कुठं गेला? मी सगळ्यांना सांगितलं आहे की काच फुटली.

काच फुटलेली नाही.